लाल चप्पल आणि कानमुशीची पिल्लं

"कोंबड्या झाका, कोंबड्या झाका! वासू आली!"

तोरिका अजून होडीतच होती, तोवर काठावरून ही आरोळी उठली. ओरडत होता अर्थात इसोआ, पेनाइयामामांचा मोठा मुलगा. वय वर्षं तेरा, आवाज मात्र भोंग्याचा. त्याच्या मागून त्याची दहा वर्षांची बहीण लाइसा खरोखरच एक कोंबडी काखोटीला मारून पळत सुटली होती, आणि वुनितिरी गाव काठावर उभं राहून पोट धरून हसत होतं.

दूरच्या समुद्रातल्या एका बेटावर, रेवा नदीच्या मुखाशी, तिवरांच्या दाटीत वसलेलं हे गाव. इथे बहिणीच्या मुलाचा तोरा काही औरच. बहिणीचं मूल म्हणजे गावाची वासू. वासूनं मामाच्या घरातल्या, मामाच्या गावातल्या कशालाही हात लावून 'हे मी नेते' म्हटलं, की ते तिचं झालं. मामानं कुरकुर करायची नाही. ओंजळीसारखे हात करून टाळी द्यायची आणि वस्तू सोडायची. दोन वर्षांपूर्वी तोरिकानं डुकराचं एक पिल्लू नेलं होतं, ते बसमध्ये सुटलं आणि ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसलं. गेल्या वर्षी तिनं मामांची रग्बीची टोपी नेली. आत्ताही तीच तिच्या डोक्यावर होती.

"ये गं, डोंगरातली बकरी," इसोआ म्हणाला. "या खेपेला काय नेणार? घराचं छप्पर?"

"तुझा आवाज नेते. गाव सुखानं झोपेल."

तोरिका डोंगरात वाढलेली, तळ न दिसणाऱ्या पाण्याची तिला भीती. म्हणून दर वर्षीप्रमाणे पेनाइयामामा स्वतः गुडघाभर चिखलात उतरले आणि भाचीला पाठुंगळीला घेऊन काठावर आले. बारा वर्षांची घोडी झाली तरी मामांच्या पाठीवरून उतरायला तिला लाज वाटत नव्हती. मामा होतेच तसे. मोठे, हसरे, अंगाला कायम होडीच्या मशीनच्या तेलाचा आणि खोबऱ्याचा वास.

गावात या वर्षी मात्र गडबड कमी होती. जुने सरदार पावसाळ्याच्या आधी वारले होते, आणि रीतीप्रमाणे गावामागची लहान खाडी शंभर रात्रींसाठी बंद होती. तिच्या तोंडाशी चिखलात एक उंच बांबू रोवला होता आणि त्याला पांढरं कापड बांधलं होतं. याला म्हणायचं ताबू. ताबू लागला की त्या पाण्यात जाळं नाही, गळ नाही, काही नाही. शंभरावी रात्र उलटली की सकाळी बांबू काढायचा, सगळ्या गावानं जाळी घेऊन खाडीत उतरायचं आणि मोठ्ठं जेवण. त्या दिवसाला आता पाच दिवस उरले होते.

खाडीवर नजर ठेवायचं काम पेनाइयामामांकडे होतं. जेवणाला पुरेसे मासे असतील हे बघण्याची जबाबदारीही त्यांचीच. ती त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती, आणि त्यामागे कारण होतं. गेल्या वर्षी चर्चच्या जेवणाला मामांनी आणलेले मासे पहिल्या पंगतीतच संपले. तेव्हापासून सगळा गाव त्यांना 'दीड मासा' म्हणून हाक मारी. मामा हसत, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत. हे फक्त तोरिकाच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला तिघं खेकडे पकडायला निघाली. बांबूच्या अलीकडच्या चिखलात खेकड्यांची बिळं होती, तिथे मनाई नव्हती. इसोआ बिळात खांद्यापर्यंत हात घालून खेकडे ओढत होता, लाइसा ते झावळीच्या दोरीनं बांधत होती आणि तोरिका एका तिवराच्या मुळावर कोंबडीसारखी चढून बसली होती.

"खाली ये की. चिखल चावत नाही."

"खेकडा चावतो."

"खेकड्यालाही चव कळते, तुला तो तोंड लावणार नाही," इसोआ म्हणाला. एवढ्यात वारा फिरला आणि तिघांनीही एकदम नाकं दाबली.

वास तिवरांच्या आतून येत होता. लाइसा सगळ्यांत बारीक, ती मुळांमधून सरपटत आत गेली. तिची हाक आली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. बाकीची दोघं अंग ओरबाडून घेत आत पोचली.

मुळांच्या खळग्यात मासे टाकले होते. मासे कसले, मुशीची, म्हणजे शार्कची, पिल्लं होती ती! प्रत्येक हातभर लांबीचं, पाठ राखाडी, पोट पांढरं आणि डोकं दोन्ही बाजूंना पसरलेलं, हातोडीसारखं. टोकांना दोन डोळे. तोरिकानं मोजली. अठरा होती. वरची ताजी होती, खालची सडली होती. म्हणजे कोणीतरी एकदाच नाही, रोज येऊन टाकत होतं.

"कानमुशी," इसोआ हळूच म्हणाला. त्यानं एक पिल्लू उलटं केलं. पोटावर, पुढच्या दोन परांच्या मधोमध, एक छोटी उघडी चीर होती. "ही बघ बेंबी. भरलेली पण नाही अजून. चार-पाच दिवसांचं असेल."

मुशीला बेंबी असते हे तोरिकाला माहीत नव्हतं. इसोआला माहीत होतं, कारण मागच्या उन्हाळ्यात विद्यापीठातली एक ताई आठवडाभर इथे राहिली होती आणि तिची होडी वल्हवायला तो जात होता. तिनं सांगितलं होतं ते सगळं त्याला पाठ होतं. ही मुशी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. आई खोल समुद्रातून येते, नदीच्या गढूळ पाण्यात पिल्लं सोडते आणि निघून जाते. गढूळ पाण्यात मोठ्या माशांना ती दिसत नाहीत, म्हणून काही महिने इथे वाढायचं आणि मग बाहेर जायचं. जगात या मुशी फार थोड्या उरल्यात, आणि त्यांच्या पाळणाघरासारख्या जागा त्याहून थोड्या. त्यातली एक ही खाडी.

"आणि पाळणाघरात येऊन मारलंय यांना," तोरिका म्हणाली.

प्रत्येक पिल्लाच्या डोक्यामागे बारीक दोऱ्याचा वळ होता, कातडी कापून आत गेलेला. म्हणजे जाळं. ताबूच्या पाण्यात जाळं! तोरिकाचं डोकं तापलं. खायला मारलं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण खाल्लंही नव्हतं, नुसतं उपटून कचऱ्यासारखं फेकलं होतं. जन्माला येऊन आठवडा झाला नाही आणि थेट कचरा!

खेकडे तिथेच टाकून तिघं धावत घरी आली. मामा अंगणात होडीचं मशीन उघडून बसले होते. तिघांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली, तेव्हा मामांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मग पुन्हा उचलला. म्हणाले, खालच्या अंगाच्या गावांतले लोक असतील, जाता जाता टाकून गेले असतील. आणि एवढं काय त्यात, ती काही पिल्लं नसतात, ती मुशीची एक बारकी जातच असते, वाढत नाही, खायला उपयोगी नाही.

"बाबा, पिल्लंच आहेत. त्या ताईनं दाखवलं होतं मला."

"त्या ताईनं! पाण्यात काच धरून बघणारी पोरगी मला मासे शिकवणार?" मामा हसले, पण तोरिकाला ते हसू नेहमीचं वाटलं नाही. "हे बघा पोरांनो, शंभरावी रात्र तोंडावर आली आहे. गावात नसती बोंब नको. मी बघतो काय ते."

तोरिकाला रात्रभर तेच आठवत राहिलं. या गावात होडी समुद्रात लोटायच्या आधी मोठ्या मुशीच्या नावानं वाटीभर यांगोना, मुळं कुटून केलेलं मानाचं पेय, पाण्यात ओततात. मुशी आपली राखणदार, असं म्हातारी माणसं डोळे मिटून सांगतात. मोठीपुढे हात जोडायचे आणि तिची पिल्लं कचऱ्यात टाकायची, ही कुठली रीत? आणि यातून आणखी एक भयंकर गोष्ट तिच्या लक्षात आली. एका चोरट्या जाळ्यानं एवढी पिल्लं मेली. चार दिवसांनी ताबू उठेल, सगळा गाव चाळीस जाळी घेऊन त्याच खाडीत उतरेल, तेव्हा एक तरी पिल्लू उरेल का?

सकाळी तिनं दोघांना फणसाच्या झाडावर चढवलं. खरं तर ते विलायती फणसाचं झाड होतं, पण त्यावरून खाडीचं तोंड स्वच्छ दिसे. खाडीत कोण जातं ते बघायचं आणि त्याला रंगेहाथ पकडायचं, असा बेत होता. इसोआचा संशय बर्फाच्या गाडीवाल्यावर होता, कारण तो कधी सुटे पैसे परत देत नसे. लाइसाचा संशय शेजारच्या गावातल्या एका लांब मिशीच्या माणसावर होता, कारण त्याला लांब मिशी होती.

दिवसभर तिघं झाडावर बसली. मुंग्या चावल्या. लाइसा दोनदा खाली पडली. बर्फवाला आला आणि गेला, खाडीकडे त्यानं बघितलंही नाही. मिशीवाला फिरकलाच नाही. संध्याकाळी फक्त एक होडी बांबूच्या पलीकडे गेली आणि अर्ध्या तासानं परत आली.

"ते तर बाबा," लाइसा म्हणाली. "ते राखणदार आहेत, जाणारच."

"जाणारच," इसोआ म्हणाला.

चौथ्या दिवशी पहाट फुटता फुटता तिघं लाइसाच्या छोट्या होडीतून खाडीत शिरली. बांबूपाशी पोचताच इसोआ थबकला. ताबूचं पाणी ओलांडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मग तोरिका म्हणाली, आपल्याकडे ना जाळं ना गळ, आपण मासे धरायला नाही, सोडवायला चाललोय. तेव्हा त्यानं काठी चिखलात रेटली.

दुसऱ्या वळणावरच होडी कशाला तरी अडली. पाण्याखालून एक दोर या काठाच्या तिवरापासून त्या काठाच्या तिवरापर्यंत ताणला होता. अख्खी खाडी आडवी बंद! इसोआनं दोर वर ओढला आणि जाळं पाण्याबाहेर आलं. त्यात बोयटं होती, हे खायचे मासे चमचम करत होते. आणि त्यांच्या मध्ये कानमुशीची पिल्लं होती. हातोडीसारखं डोकं एकदा जाळ्याच्या भोकात गेलं की मागे निघत नाही. जितकी धडपड करावी तितका फास आवळतो. सहा लटकली होती, हलत नव्हती. दोन हलत होती.

"सुरी!" तोरिका ओरडली. इसोआनं सुरी दिली, पण होडीतून हात पुरेना. होडी वाकली की जाळं आणखी ताणलं जाई.

खाली तपकिरी पाणी होतं. तळ दिसत नव्हता. तोरिकानं टोपी लाइसाच्या डोक्यावर ठेवली, दात घट्ट मिटले आणि पाण्यात उडी टाकली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं आणि पाय घोट्यापर्यंत मऊ चिखलात गेले. भीती वाटली, खूप वाटली. पण पिल्लू तिच्या हातात होतं, आणि त्याचा डोळा तिच्याकडे बघत होता. तिनं एकेक दोरा कापला. पिल्लू मोकळं झालं तरी पोहेना, तसंच कलंडलं.

"पुढे ढकल त्याला! पाण्यातून पुढे ने!" इसोआ सांगत होता. "तोंडातून पाणी गेलं की श्वास येतो. ती ताई असंच करायची."

तोरिका दोन्ही हातांत पिल्लू धरून चिखलातून चालू लागली. चार पावलं पुढे, वळायचं, चार पावलं पुढे. एखाद्या तान्ह्या बाळाला फिरवावं तसं. चौथ्या फेरीला शेपटी हलली. मग एक झटका बसला आणि हात रिकामे झाले. दुसऱ्यालाही तिनं तसंच फिरवलं. तेही गेलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडू नव्हतं, संताप होता. "कोणाचंय हे जाळं? मला फक्त एकदा त्याचं तोंड बघायचंय!"

तिनं मान वर केली. इसोआच्या हातात जाळ्याची वरची दोरी होती आणि तो तिच्यावरच्या बुचांकडे बघत होता. या गावात विकतची बुचं कोणी आणत नाही, जुन्या रबरी चपला कापून जाळ्याला बांधतात. निळी, काळी, हिरवी बुचं होती. आणि एक लाल.

लाल चपलेच्या टाचेचा तुकडा. त्यावर तापलेल्या खिळ्यानं कोरलेलं एक अक्षर. तोरिकाच्या नावाचं पहिलं.

गेल्या वर्षी मामांच्या घरातून तिची एक चप्पल हरवली होती. आख्खं घर शोधलं, शेवटी ती एकाच चपलेनं बसमध्ये चढली होती, आणि मामा हसून म्हणाले होते, सापडली की पाठवतो.

मग लाइसानंच हळू आवाजात सांगितलं. चर्चच्या खोलीतल्या बर्फाच्या मोठ्या पेटीला बाबांनी कुलूप लावलंय. दहा दिवस झाले. आईलाही उघडू देत नाहीत. म्हणतात, जेवणाच्या दिवशी उघडीन आणि मग बघू कोण दीड मासा म्हणतो ते.

आता सगळं उघड झालं. राखणदारच चोर! आणि तेही कशासाठी, तर चार लोक हसले म्हणून. बोयटं पेटीत जात होती आणि पिल्लं तिवराच्या मुळांत. तोरिकाला ज्या पाठीवर बसून ती तीन दिवसांपूर्वी काठावर आली, त्या पाठीचाच राग आला.

"जाळं परत लाव," इसोआ म्हणाला. त्याचा भोंगा पार बसला होता. "आपण काही बघितलं नाही. माझे बाबा आहेत ते, तोरिका. सभेत नाव निघालं तर ते पुन्हा मान वर करणार नाहीत."

"माझे मामा आहेत. मला काय आनंद होतोय?" तोरिका म्हणाली. "पण परत लावायचं? त्या सहांकडे बघ आणि पुन्हा म्हण, परत लाव."

इसोआनं बघितलं. मग तोंड फिरवलं.

तोरिका काठाच्या मुळावर बसून चिखल पुसत राहिली. नाव घ्यायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही, असं काय करता येईल? नुसतं जाळं काढून भागणार नव्हतं, कारण दोन दिवसांनी चाळीस येणार होती. मोठ्यांना समजावायला गेलं तर ते म्हणणार, बारकी जात, वाढत नाही. मुलांचं ऐकतं कोण? मुलांना सभेत तोंड उघडायचीच बंदी. मग अचानक ती उठून उभी राहिली.

"इसोआ, मी आले तेव्हा तू विचारलंस ना, या खेपेला काय नेणार म्हणून?"

दुपारी गावसभा होती. सभाघरात चटयांवर पुरुष गोल करून बसले होते, मागे बायका होत्या, मध्ये यांगोनाचं लाकडी पातेलं. सरदारांच्या जागी अजून कोणी बसलं नव्हतं. त्यांच्या वतीनं बोलणारे आपेनिसा आजोबा वयानं ऐंशीच्या पुढचे, पण नजर बगळ्यासारखी. जेवणाची कामं वाटली जात होती. कंद कोण आणणार, डुकरं कोण कापणार. माशांचा विषय निघाला तसं कोपऱ्यातून कोणीतरी 'दीड मासा' म्हणून खाकरलं. पेनाइयामामा छाती पुढे काढून म्हणाले, "या वेळी पुरून उरतील. माझा शब्द."

तेवढ्यात दारातून तोरिका आत आली. रीतीप्रमाणे कमरेत वाकून, पण सरळ मधोमध. तिच्या खांद्यावर ओलं जाळं होतं. जाळ्याचं दुसरं टोक इसोआच्या खांद्यावर होतं आणि मागे लोंबणारा भाग धरून लाइसा चालत होती. सभाघरात कुजबुज सुरू झाली. पोरांना बाहेर काढा, असं कोणीतरी म्हणालं.

"पोरं जाऊ देत. पण ही वासू आहे," आपेनिसा आजोबा म्हणाले. "वासूला कोण अडवतो? बोल बाई. कोणाची कोंबडी हवीय?"

सगळे हसले. तिनं जाळं चटईवर ठेवलं, त्यावर हात टेकवला आणि ओंजळीची टाळी वाजवली.

"हे जाळं मी नेते."

"कोणाचं आहे?"

"ते मी सांगणार नाही. आज पहाटे ताबूच्या खाडीत, दुसऱ्या वळणाला, या काठापासून त्या काठापर्यंत लावलेलं होतं."

हसू जागच्या जागी विझलं. ताबू मोडला! सरदारांच्या शंभर रात्री पुऱ्या होण्याआधी! म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. आपेनिसा आजोबांनी एकेकाला विचारलं, तुझं आहे? तुझं? प्रत्येक जण कानावर हात ठेवत होता. पेनाइयामामांपर्यंत पाळी आली, तेव्हा तोरिकानं जाळ्याची एक घडी उलटली. लाल बूच वर आलं, अक्षर फक्त मामांना दिसेल असं.

मामांनी ते बघितलं. मग भाचीकडे बघितलं. मग जाळ्याचं टोक धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे. इसोआची नजर खाली नव्हती.

"कोणाचंच नसेल तर गावाचं," तोरिका म्हणाली. "गावाचं असेल तर मी या गावाची वासू आहे, माझं झालं. आणि कोणाचं असेल तर त्यानं टाळी वाजवावी आणि द्यावं. कसंही झालं तरी जाळं माझंच. पण त्यानं टाळी वाजवली तर मला जास्त बरं वाटेल."

आणि मग ओंजळीची टाळी वाजली. एक, दोन, तीन. पेनाइयामामांच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"माझं आहे," ते म्हणाले. "घे, तोरिका. बर्फाच्या पेटीची किल्लीही घे. लोकांच्या हसण्याला भ्यालो मी. राखणदार म्हणवून घ्यायची लायकी नाही माझी."

म्हातारे उसळले. दंड काय, माफी कशी, एकच गलका झाला. तोरिकाला वाटलं, झालं, आता मामांवरच सगळा दिवस जाणार आणि खाडी तशीच राहणार. तिनं आणखी एकदा, जोरात टाळी वाजवली.

"माझं मागून अजून संपलं नाही!"

गलका थांबला. इसोआनं पाठीमागून केळीच्या पानात गुंडाळलेली सहा पिल्लं काढून चटईवर ओळीनं मांडली.

"मामांची चूक झाली, त्यांनी कबूल केली. पण परवा तुम्ही सगळे काय करणार आहात?" तोरिका म्हणाली. "एका जाळ्यानं ही मेली. तुमची चाळीस आहेत. तुम्ही म्हणता ही बारकी जात आहे. मग ही बेंबी बघा. ती अजून भरलेलीही नाही, म्हणजे ही नुकती जन्मलीत. ज्या मुशीला तुम्ही यांगोना ओतता ना, तिचीच पिल्लं आहेत ही. ती हजारो कोस पोहत तुमच्या दारात पिल्लं ठेवून जाते, तुमच्या भरवशावर. आणि तुम्ही ती उपटून मुळांत फेकता. शरम नाही वाटत?"

मोठ्या माणसांना 'शरम नाही वाटत' असं म्हणणारं मूल त्या सभाघरानं कधी पाहिलं नव्हतं. मामी तोंडावर हात ठेवून बसली होती. आपेनिसा आजोबा मात्र गुडघ्यांवर सरकत पुढे आले. त्यांनी एक पिल्लू उचललं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं पोटावरची चीर चाचपली. ऐंशी वर्षं ते या पाण्यात मासे धरत होते.

"कधी उलटं करून बघितलंच नाही," ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "काय हवंय तुला?"

तोरिकानं खिडकीतून हात बाहेर केला. तिथून पांढऱ्या कापडाचा बांबू दिसत होता.

"ती खाडी. ती मी नेते. म्हणजे कुठे नेणार नाही, इथेच ठेवून जाणार. पण माझी. ही पिल्लं बाहेर जाईपर्यंत, दर वर्षी, तिच्यात जाळं नाही."

"ईस्टरपर्यंत," इसोआ मागून म्हणाला. "तोवर ती समुद्रात जातात."

कोणीतरी म्हणालं, असं कसं, खाडी काय कोंबडी आहे? आपेनिसा आजोबांनी नुसता हात वर केला. मग ते ताठ बसले, ओंजळ केली आणि टाळी वाजवली. वासूनं मागितलं, त्याला नाही म्हणायची रीत या गावात नव्हती, आणि ती मोडणारा पहिला माणूस व्हायची कोणाचीही तयारी नव्हती. एकामागून एक टाळ्या वाजत गेल्या. शेवटची टाळी मागच्या रांगेतून मामीची होती, सगळ्यांत मोठी.

"काय पोरगी आहे!" आपेनिसा आजोबा म्हणाले. ते आता खदखदा हसत होते आणि डोळे पुसत होते. "आम्ही बसलो कोंबड्या झाकत, आणि हिनं खाडीच नेली!"

मामांना दंड झाला. राखणदारी गेली, आणि जेवणाचे मासे त्यांनी एकट्यानं बाहेरच्या खडकांवर गळ टाकून आणायचे ठरले. दोन दिवस ते उन्हात करपले. मासे कमीच पडले, पण त्या दिवशी कोणी 'दीड मासा' म्हणालं नाही. जाळं तोरिकाचं होतं. तिनं ते गावच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर दोन नारळांच्या मध्ये बांधलं, बुचांसकट.

फक्त लाल बूच तिथे नव्हतं. ताबू उठायच्या सकाळी जुना बांबू निघाला, आणि त्याच जागी मामांनी नवा रोवला. रोवून झाल्यावर ते होडीत बसलेल्या भाचीकडे वळले आणि खाली मान घालून म्हणाले, "याला बांधायला तुझ्याकडचं काहीतरी दे. म्हणजे पुढच्या राखणदाराला कळेल, ही कोणाची खाडी आहे ते."

मग ते सवयीनं पाठ करून खाली बसले, तिला होडीतून उतरवायला. तोरिका त्यांच्या शेजारून सरळ पाण्यात उतरली, चिखल तुडवत बांबूपाशी गेली आणि चपलेचा तो लाल तुकडा तिनं स्वतःच्या हातानं घट्ट बांधला.

"दुसरी चप्पलही आणू का पुढच्या वर्षी?" तिनं विचारलं.

"आण," मामा म्हणाले. "शेजारच्या खाडीतही पिल्लं असतील."

इसोआ काठावरून ओरडला की आता शेजारच्या गावाला सांगायला हवं, खाड्या झाका म्हणून. त्याचा भोंगा परत आला होता.